टांगेवाल्याचे आकडे

मला हे सांगायचंच नव्हतं. घरचे पिच्छा सोडीनात, अन् सांगायला बसलो की हेच म्हणणार, म्हातारा बडबडतो! पण पोन्नुसामीच्या कॉफीच्या टपरीवर दहा वर्षं बसलं की किस्से उष्ट्या पेल्यांसारखे साचतात. कुणीतरी विसळायला लागतं.

•

राजवाडा ते स्टेशन, तीस वर्षं टांगा हाकला मी. शाळा तिसरीपर्यंत. पण मद्रासच्या शर्यतींचं पुस्तक आलं की प्रत्येक घोड्याची वेळ, पाठीवरचं वजन, ओली-सुकी जमीन बघून मी त्याचा वेग एका आकड्यात बसवायचो.

नुसत्या वेळेवर जाऊ नये! रिकामा टांगा स्टेशनला दहा मिनिटांत. चार मावश्या अन् तांदळाचं पोतं घेऊन, चिखलातून, बारा मिनिटांत. चांगला घोडा कोणता?

माझा मेव्हणा सेतुमाधवराव, शाळेत गणिताचा मास्तर. म्हणाला, "दहावाला. सोपं आहे, भावजी."

मास्तरलाच जुंपायला हवा होता!

•

पोन्नुसामी देवाचं नाव बघून घोडा निवडायचा. एकदा मुरुगनच्या नावाचा घोडा साफ शेवटी आला. आम्ही हसलो, तर म्हणतो, "अण्णा, देव मागं राहूनच सगळ्यांवर लक्ष ठेवतो!"

•

तेव्हा कंप्युटर नवा होता. कुठला घोडा जिंकणार, त्याचा लांबलचक कागद मास्तरच्या मुलानं मद्रासहून छापून आणला. मी पहिल्या नावावर एक नजर टाकली. "हा घोडा बाराशे मीटर पळणारा. शर्यत दोन हजारची."

"कंप्युटर चुकत नाही, मामा!"

घोडा शेवटच्या वळणापर्यंत पुढं होता. मग चालायला लागला. मी म्हटलं, "कंप्युटरला दम लागत नाही बाळा, घोड्याला लागतो."

•

माझंही एकदा फसलं, लपवत नाही. माझा पहिल्या नंबरचा घोडा फाटक उघडलं तरी हललाच नाही. मास्तर भर टपरीत ओरडला, "भावजी, उभ्या घोड्याचा आकडा किती? तिसरी शिकलेल्या टांगेवाल्यानं गणित करू नये!"

सगळे हसले. पोन्नुसामीसुद्धा.

मी माझी आकड्यांची वही पोन्नुसामीच्या चुलीपाशी ठेवली. "पुढच्या शर्यतीत माझा घोडा हरला, तर ही जाळ. अन् मी परत इथं बसणार नाही."

•

शर्यत बघायला मी अन् मास्तर मद्रासला गेलो. मास्तरचा घोडा वेळेत सगळ्यांच्या पुढं. पण ती वेळ सुक्या जमिनीवरची, हलक्या वजनाची. माझा दोन सेकंद मागं. पण तो पावसात, पाच किलो जास्त घेऊन पळाला होता. आता दोघांना सारखं वजन, सारखी जमीन.

मास्तर गाडीभर सांगत होता, "वही गेली, भावजी! चुलीत गेली!"

माझा घोडा पहिला आला. दोन घोडे मावतील एवढ्या अंतरानं! वळून बघतो तर मास्तर गायब. वाटलं, तोंड लपवलं असेल.

जिंकलेल्यांना पैसे देतात त्या खिडकीशी गेलो. तिथं फक्त माझ्या घोड्यावर लावणारेच उभे. रांगेत माझ्यापुढं एक ओळखीचं टक्कल.

मागं न बघता म्हणाला, "रांग लांब आहे, भावजी."

माफी अजून मागितलेली नाही. सेतुमाधवरावानं.