गाईडकाकांचा अर्धा दिवस

गाईडकाकांना कुठलीही गोष्ट दाखवली की ते ती तुम्हालाच दाखवायला लागत. तुम्ही नवी गाडी घेतलीत आणि कौतुकाने त्यांना बोलावलंत, तर पाचव्या मिनिटाला तुम्ही मागच्या सीटवर आणि काका तुम्हाला तुमच्याच गाडीचे ब्रेक कसे चालतात ते सांगताहेत. माझ्या लग्नाचा अल्बम त्यांनी मला समजावून सांगितला आहे. त्यातला नवरा मीच, हे ते विसरले नव्हते. त्या दिवशी नेमकं काय घडलं हे मला नीट कळलं नसावं, एवढीच त्यांना शंका होती.

अमेरिकेत एडिसनला त्यांच्या बेसमेंटमध्ये मी चार वर्षं भाड्याने राहिलो आणि लग्नानंतर त्याच रस्त्याच्या टोकाला घर घेतलं. म्हणजे एकूण अकरा वर्षांचा सहवास. काका मूळचे सांगलीचे, सिव्हिल इंजिनिअर. सगळी नोकरी जमिनीखाली पाण्याचे पाइप टाकण्यात गेली. जमिनीवरच्या लोकांना त्या कामाचं कौतुक नसतं, त्याचा वचपा ते रिटायर झाल्यावर काढत असावेत. ‘गाईडकाका’ हे नाव आमच्या मराठी मंडळींनी कुचेष्टेने ठेवलं होतं. काकांना ती पदवी वाटली. फोनवरसुद्धा ते “गाईडकाका बोलतोय” असं म्हणू लागले.

त्यांचं बोलणं “थोडक्यात सांगतो” या शब्दांनी सुरू होई. ते ऐकलं की जाणकार मंडळी खुर्ची शोधत. एकदा ओक ट्री रोडवर डोसा खायला गेलो होतो. मालक उडुपीकडचा, आजोबांपासून डोसे घालणारा. काकांनी थेट स्वयंपाकघराच्या दारात जाऊन त्याला पीठ का आंबतं ते थोडक्यात सांगितलं. तो भला माणूस हातात उलथनं धरून ऐकत राहिला आणि मागे तव्यावर आमचा डोसा काळा पडला. तो काळा डोसा समोर आल्यावर काका मला म्हणाले, “बघ, याला थिअरी माहीत नाही.”

माझी आई नागपूरहून आली तेव्हा काका तिला हौसेने नायगाराला घेऊन गेले. परत आल्यावर मी विचारलं, “आई, धबधबा कसा वाटला?” आई म्हणाली, “दिसला छान. काकांमुळे ऐकू नाही आला.”

त्यांची एकुलती एक मुलगी मेघना इथेच जन्मलेली. ती देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, सिएटलजवळ बॉथेलला, एका बायोटेक कंपनीत होती. काका तिला फोनवर पाच मिनिटं काही समजावून सांगत आणि पलीकडून आवाज येई, “बाबा, नोबडी आस्क्ड.” मग काका फोन ठेवून आम्हाला म्हणत, “तिचं मराठी कच्चं राहिलं.” मुलीने एवढ्या लांब नोकरी का घेतली, याची त्यांच्याकडे हवामानापासून टॅक्सपर्यंत सगळी कारणं तयार होती.

काकूंबद्दल मला त्या अकरा वर्षांत फार थोडं कळलं, कारण त्यांच्याबद्दलही काकाच सांगत. “हिला प्रवासाची आवड नाही,” “हिला तिखट चालत नाही.” काकू शेजारी बसून हसत. त्यांनी तीस वर्षं सार्वजनिक वाचनालयात काम केलं होतं, तेव्हा गप्प राहण्याची सवय तिथूनच लागली असेल, असं मी समजत होतो. त्यांच्या फ्रिजवर एका जुन्या कॅलेंडरचं पान चिकटवलेलं होतं. लालभडक उभा कडा, त्याच्या पोटातल्या कपारीत पांढऱ्या भिंतीचं चिमुकलं, हजारेक वर्षांपूर्वीचं दगडी घर. ॲरिझोनातली कॅन्यन दे शे नावाची दरी. सत्तराव्या वाढदिवसाला काय हवं, असं मेघनाने विचारलं, तेव्हा काकूंनी त्या पानावर बोट ठेवलं.

एवढंच करून त्या थांबल्या नाहीत. त्यांनी स्वतः फोन करून अर्ध्या दिवसाची खासगी टूर बुक केली. जीप आणि गाईडसकट. काकांना हा धक्का होता. “गाईड? आपल्याला गाईड कशाला?”

“त्याशिवाय खाली जाऊ देत नाहीत,” काकू म्हणाल्या. “दरी नावाहो लोकांची आहे. त्यांच्यातलंच माणूस बरोबर लागतं.”

काकांच्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, म्हणून विमानतळापासून पुढचे चार तास ड्राइव्ह करायला मला बरोबर घेतलं. त्या चार तासांत मी ती दरी पूर्ण पाहिली. कोणी बांधली, दगड कुठला, चुना कसा, लोक का सोडून गेले. हॉटेलवर पोचलो तेव्हा खरं तर परत फिरायला हरकत नव्हती.

सकाळी आमची गाईड आली. लोरेन नावाची साठीची बाई. डोक्यावर टोपी, जीपमागे फावडं आणि पाण्याचे कॅन. निघण्याआधी तिने सांगितलं, “माझ्या आईचं शेत या दरीत आहे. मी लहानपणी उन्हाळ्यात तिथेच असायचे. माझ्या घरच्यांनी मला जे सांगितलं, ते मी तुम्हाला सांगणार आहे. आणि खाली उतराल तेव्हा मी म्हणेन तिथेच पाय ठेवा. ओढ्याची वाळू वरून—”

“ॲक्च्युअली,” काका म्हणाले, “थोडक्यात सांगतो. ही दरी पाण्याने कापली गेली आहे.”

लोरेनने मान हलवली. जीप ओढ्याच्या उथळ पाण्यातून चालू लागली. दोन्ही बाजूंना कडे वर वर जात होते. एका वळणावर तिने गाडी थांबवून खडकावर कोरलेली हरणं दाखवली. काकांनी तिला ती हरणं कुठल्या काळातली ते सांगितलं. पुढे एका मोडक्या कुंपणापाशी ती म्हणाली, “इथे माझ्या पणजीच्या आईच्या घरची पीचची झाडं होती. सैनिक आले तेव्हा—”

“ते नंतरचं,” काका म्हणाले. “आपण आधी घराचं घेऊ. बांधणाऱ्यांनी चुन्यात काय मिसळलं होतं, ते ठाऊक आहे तुम्हाला?”

“नाही,” लोरेन म्हणाली. “ते आमचे लोक नव्हते. आम्ही नंतर आलो. आम्हाला तिथे वर जायचं नाही, एवढं शिकवलं होतं.”

“पण ही झाली घरगुती माहिती. हिस्टरी वेगळी.”

लोरेनने आरशातून त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि बोलणं बंद केलं. काकांना वाटलं, तिला पटलं. ते पुढे सरसावून बोलत राहिले. मी त्यांना थांबवू शकलो असतो. चार वर्षं कमी भाड्यात राहिलेल्या माणसाला ते जमत नाही, असं मी मनाशी म्हटलं आणि खिडकीबाहेर पाहिलं. काकूंनी मात्र जीप थांबवायला सांगितली. मागच्या सीटवरून उतरल्या आणि पुढे लोरेनशेजारी जाऊन बसल्या.

“अगं, मागूनच जास्त दिसतं,” काका म्हणाले.

“मला ऐकायचंय,” काकू म्हणाल्या.

कपारीतलं पांढरं घर समोर आलं तेव्हा खरोखर कोणाला काही बोलायची गरज नव्हती. काकूंनी तोंडावर हात ठेवला. काका म्हणाले, “फोटोत मोठं वाटतं.” मग त्यांना भिंतीतला चुना जवळून बघायचा होता. मध्ये कुंपण होतं, म्हणून चांगला अँगल मिळवायला ते ओढ्याच्या कडेने निघाले. लोरेनने हाक मारली. त्यांनी मागे न बघता हात हलवून “आय नो, आय नो” केलं, आणि चौथ्या पावलाला त्यांचा उजवा पाय गुडघ्यापर्यंत वाळूत गेला. तो काढायला जोर लावला तसा डावाही गेला.

“मी बोलतोय ते ऐका,” काका ओरडले, “याला क्विकसँड म्हणतात!”

लोरेन शांतपणे फावडं घेऊन आली. “मला माहीत आहे काय म्हणतात. हलू नका.”

“थोडक्यात सांगतो, वाळूच्या कणांमधलं पाणी—”

“तुम्ही बोलताना हात हलवता. हात हलला की अंग हलतं, अंग हललं की आणखी खाली जाता. बोलू नका.”

काकांनी तोंड उघडलं. ते दोन बोटं खाली गेले. त्यांनी तोंड मिटलं.

लोरेनने त्यांना मागे रेलायला लावलं, आधाराला मला बसवलं आणि एकेका पायाभोवतीची वाळू काढायला सुरुवात केली. अंगावर त्यांचं वजन घेतल्यावर मला जाणवलं की काका थरथरत होते. भीतीने की न बोलण्याच्या कष्टाने, ते सांगता येत नाही. तेवढ्यात काकू आल्या, कोरडी जागा बघून एका दगडावर टेकल्या, आणि म्हणाल्या, “लोरेन, मघाशी तुमचं राहिलं. सैनिक आले तेव्हा काय झालं?”

लोरेन फावडं चालवत सांगू लागली. दीडशे वर्षांपूर्वी अमेरिकन सैनिकांनी शेतं जाळली, पीचची झाडं एकूण एक तोडली. कड्यावर लपलेली माणसं भुकेने खाली आली. त्यांना शेकडो मैल चालवत कैदेच्या छावणीत नेलं. तिच्या पणजीची आई तेव्हा सात वर्षांची. वाटेत तिचा धाकटा भाऊ गेला. त्याला पुरायला थांबूही दिलं नाही. चार वर्षांनी सोडलं तेव्हा ती परत चालत आली, याच दरीत. “आल्यावर तिने पहिल्यांदा झाडांची खोडं शोधली,” लोरेन म्हणाली. “काहींना मुळापासून फूट आली होती. आमच्या घरात ही गोष्ट सांगताना कोणी मध्ये बोलत नाही.”

पाऊण तास लागला. काका निघाले, एक बूट वाळूतच राहिला. परतीच्या वाटेवर ते एका पायात मोजा घालून मागच्या सीटवर गप्प बसले होते. मला वाटलं, माणूस बदलला. मी तेव्हा भाबडा होतो.

महिन्याभराने आमच्या मराठी मंडळाने त्यांचं भाषण ठेवलं. रविवारची दुपार, स्लाइड, समोसे. काकांनी दीड तास दरी सांगितली. क्विकसँडवर सात स्लाइड होत्या, त्यात कोणीतरी अडकलं होतं हे सोडून बाकी सगळं होतं. शेवटी कोणीतरी विचारलं, “तिथले गाईड कसे असतात?”

“स्वभावाने चांगली बाई,” काका म्हणाले. “पण विशेष माहिती नव्हती तिला.”

“खोटं आहे हे,” तिसऱ्या रांगेतून आवाज आला. काकू उभ्या होत्या. “तिला सगळं माहीत होतं. तुम्ही तिला बोलू दिलं नाहीत.”

मी काकूंच्या शेजारीच बसलो होतो. मीही साक्षीदार होतो. उठून “हो, मीही ऐकलंय” एवढं म्हणता आलं असतं. मी प्लेटकडे बघत राहिलो. काकू पुढे गेल्या आणि पीचच्या झाडांची गोष्ट त्यांनी सरळ, आवाज न चढवता सांगितली. काका लॅपटॉपपाशी उभे होते. मध्ये काकूंनी “तो मोडक्या कुंपणाचा फोटो लावा” म्हटलं. काकांना तो सापडेना. त्यांनी तो काढलाच नव्हता. काकू म्हणाल्या, “राहू दे.” आणि पुढे सांगत गेल्या. मागच्या रांगेतली कॉलेजात जाणारी मुलं, जी दीड तास फोनमध्ये होती, मान वर करून ऐकत होती.

त्या रात्री त्यांच्या घरी काय बोलणं झालं, मला माहीत नाही. पुढच्या वसंतात त्यांनी घर विकलं आणि ते बॉथेलला मेघनाजवळ निघाले. ठरवलं काकूंनी. कारणं काकांनी सांगितली.

नुअर्कच्या विमानतळावर त्यांना सोडायला मी गेलो. बॅगा गेल्या, काकू बोर्डिंग पास तपासत होत्या. काका मला सिक्युरिटीच्या रांगा कशा आखतात ते सांगतील म्हणून मी तयारीत उभा होतो. ते माझ्याकडे वळले आणि म्हणाले, “तू कसा आहेस रे?”

अकरा वर्षांत हा प्रश्न त्यांनी मला कधी विचारला नव्हता. मी सवयीने “मजेत” म्हणणार होतो. पण नऊ दिवसांपूर्वी माझी नोकरी गेली होती. दुसरी मिळवायला, नाहीतर देश सोडायला, व्हिसाच्या हिशेबाने साठ दिवस होते, त्यातले नऊ गेलेले, आणि हे बायकोखेरीज मी कुणालाही सांगितलं नव्हतं.

“काका, जॉब गेला,” मी म्हणालो.

त्यांच्या चेहऱ्यावर मला सगळं येताना दिसलं. व्हिसाचे नियम, रेझ्युमे कसा लिहावा, सॉफ्टवेअरचा धंदा का बसला. त्यांचा उजवा हातसुद्धा थोडा वर आला. मग तो त्यांनी खिशात घातला. मागचे लोक पुढे जाऊ लागले म्हणून ते रांगेतून बाजूला झाले.

“मग?” ते म्हणाले.

मी सांगू लागलो.