मागे घोडा नसताना

मी घर सोडलं त्या सकाळी बा ओट्यावर बसून मायच्या विळीवर माझे कॅनव्हासचे बूट चिरत होता. रागात नव्हता, घाईतही नव्हता. आधी लेस काढून बाजूला ठेवल्या, कारण दोरी कुठंही कामाला येते, आणि मग एकेका बुटाचे भेंडीसारखे तुकडे करत बसला. मी पिशवी घेऊन त्याच्यासमोरून गेलो तेव्हा त्यानं वर पाहिलं नाही. पाय मात्र जरा आवरून घेतले, मला वाट मिळावी म्हणून. बापलेकाचा निरोप म्हणाल तर एवढाच. माय एसटीच्या थांब्यापर्यंत आली, आणि नांदेडची गाडी येईपर्यंत तिनं मला जे सांगितलं ते आधीच कुणी सांगितलं असतं, तर मी कदाचित आजही गावातच असतो.

आळीतल्या सोबत्यांनो, तुम्ही जे गावात राहिलात, त्यांना यातलं बरंच ठाऊक आहे. तुमच्यातल्या काहींनी तर आदल्या दिवशी टाळ्याही वाजवल्या होत्या. जे माझ्यासारखे नांदेड, पुणे, हैदराबाद करत पांगले, त्यांच्यासाठी पहिल्यापासून सांगतो.

आमचं गाव शिरूर अनंतपाळच्या अंगाचं. मी सहा-सात वर्षांचा होतो तेव्हा मोठा दुष्काळ पडला आणि माय-बा दोघंही सरकारी कामावर खडी फोडायला जायचे. गावाबाहेर पाण्याचा टँकर दिसला की मी त्याच्या पुढं पळत सुटायचो आणि टँकर आला, टँकर आला, असं ओरडत गावात शिरायचो. बायका घागरी घेऊन धावायच्या. मला वाटायचं, पाणी मीच आणलं. एकदा बानं हे पाहिलं. खडी फोडून आलेल्या हातांनी त्यानं मला असा बडवला की नंतर कितीतरी रात्री पालथं झोपावं लागलं. मारताना एकच विचारत होता, "गाडीच्या पुढं पळशील? पुन्यांदा पळशील?" मी चाकाखाली येईन म्हणून तो घाबरला, अशी मी माझी समजूत करून घेतली, आणि खरं सांगायचं तर त्या माराचं मला आतून बरंही वाटलं होतं. बाला माझी एवढी काळजी आहे, हे तोवर मला ठाऊक नव्हतं.

पुढं हायस्कुलात पीटीला स्वामी सर आले. उदगीरकडचे, गळ्यात लिंग, मनगटात घड्याळ, आणि सायकलच्या हँडलला कायम बेशरमाच्या झुडपाची ओली फोक अडकवलेली. मी पुढं पळायचो, सर सायकलवर मागं. वेग कमी झाला की पोटरीवर फोक बसायची. पळताना पाणी प्यायची बंदी होती. पोटात पाणी गेलं की पोरगं पोचट होतं, असं त्यांचं पक्कं मत. जीभ टाळूला चिकटायची, लघवी चहासारखी व्हायची, आणि सर म्हणायचे, शाब्बास. त्यांच्यासारखा जीव मला कुणी लावला नाही, हेही तेवढंच खरं. लातूर वेगळा जिल्हा होणार, असं तेव्हा जो तो बोलत होता. उस्मानाबादच्या संघात आमच्या कोपऱ्यातल्या पोरांना कोण विचारतो, पण आपला जिल्हा झाला की आपला संघ, आणि त्या संघात पहिलं नाव गौतमचं, असं सर मास्तरांच्या खोलीत छाती ठोकून सांगायचे. गौतम म्हणजे मी. घरी यातलं काही माहीत नव्हतं. बूट शाळेतच ठेवायचो. बानं फक्त एवढंच सांगून ठेवलं होतं की आपल्या घरात कुणी पळायचं नाही. का, ते त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आमच्याकडे बापाला का विचारत नसत.

जिल्हा झाला. लातूरला सोहळा ठरला आणि आमच्या बाजूनं ज्योत न्यायची ठरली. प्रत्येक गावच्या पोरानं आपल्या शिवेपासून पुढच्या गावच्या शिवेपर्यंत ती पळवायची, तिथं दुसऱ्यानं हातात घ्यायची, आणि मागून साहेब लोकांची जीप. आमच्या गावातून मान कुणाला, यावर पारावर बरीच खळखळ झाली. स्वामी सर हटले नाहीत. जो सगळ्यात जोरात पळतो तोच नेईल, तो कुठल्या आळीत राहतो याच्याशी ज्योतीला काय करायचंय, असं ते चारचौघांत म्हणाले. त्या काळात असं बोलायला छाती लागायची.

मी पळालो. आयुष्यात तसा पुन्हा कधी पळालो नाही. हातात ज्योत, मागं जीपचा हॉर्न, दोन्ही अंगाला माणसं. आमच्या आळीतली पोरं टाळ्या पिटत होती. म्हातारी माणसं मात्र खाली बघत होती, आणि ते का बघत होती हे मला कळलं नाही. शिवेवर ज्योत देऊन परत आलो तर वेशीत गावातले एक बुजुर्ग उभे होते. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. पहिल्यांदाच मला शिवले असतील. हसून म्हणाले, "आज्याचं नाव राखलंस रं. तो बी असाच पळायचा, सायबाच्या घोड्याच्या म्होरं." बा तिथंच, हाताच्या अंतरावर उभा होता. त्याचा चेहरा मी पाहिला आणि नजर वळवली. घरी गेल्यावर त्यानं मला मारलं नाही. दुसऱ्या दिवशी विळी घेऊन बसला, तो तेवढ्यासाठी शाळेत जाऊन माझे बूट मागून घेऊन आला होता. ते बघून मी पिशवी भरली.

थांब्यावर मायनं सांगितलं ते असं. आजा गावचा येसकर. निजामाच्या अमलात साहेबाचा दौरा निघाला की आपल्या शिवेपासून पुढच्या शिवेपर्यंत घोड्याच्या पुढं पळायचं, वाट दाखवायची, लोकांना बाजूला व्हा म्हणून ओरडायचं. पुढच्या शिवेवर दुसरा येसकर उभा असायचा. हे काम घराला लागलेलं, नाही म्हणायची सोय नव्हती. एका उन्हाळ्यात बा लहान असताना बापामागं गेला. आडावर घोड्याला पाणी पाजलं. आज्याला आडाला हात लावायची बंदी, आणि वरून ओंजळीत ओतायला कुणी थांबलं नाही. तो तसाच पुढं पळाला आणि शिवेवर पडला. तिथून बाला बाप घरी आणावा लागला. म्हातारा पुढं काही वर्षं जगला, पण खोकत. छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा सगळ्यांनी बावीस प्रतिज्ञा म्हटल्या, बानं मनातल्या मनात आणखी एक धरली. आपल्या घरातलं कुणी आता कुणाच्या पुढं पळणार नाही.

"त्याला त्याची लाज वाटायची रं," माय म्हणाली, "म्हनून बोलला न्हाई कधी." आणि गाडी आली.

नांदेडला मामाकडे राहिलो, शिकलो, पाटबंधारे खात्यात कारकून झालो. लग्न झालं, मुलं झाली. बरीच वर्षं पळण्याचं नावसुद्धा काढलं नाही. मग चाळिशीत साखर निघाली, डॉक्टरनं सकाळी चालायला सांगितलं, आणि चालता चालता एक दिवस लोह्याच्या रस्त्यावर माझे पाय आपोआप पळायला लागले. पाय माझ्यापेक्षा निर्लज्ज निघाले. आता माझ्या तोंडी लाँग रन, पेस, टेपर असले शब्द असतात. घड्याळ नाडी मोजतं. बूट फाटायच्या आधीच बदलायचे असतात. आमच्या सकाळच्या कंपूत दातांचे डॉक्टर आहेत, बँकेतले लोक आहेत, धान्याच्या मोंढ्यातले आडते आहेत. पाणी मधून मधून प्यायचंच असतं, तसं कोचच दटावून सांगतो. स्वामी सर हयात असते तर त्यांनी त्याला फोकेनं फोडला असता.

माय गेली. बा गावात एकटाच राहिला. मी सणावाराला जायचो, बूट पिशवीच्या तळाशी कपड्यांखाली ठेवायचो. तो विचारायचा नाही. मग अलीकडचा तो दुष्काळ आला. दिवाळीतच बोअर आटलं, टँकरची वाट बघता बघता त्याला एकदा चक्कर आली, आणि मी जाऊन त्याला नांदेडला घेऊन आलो. दुसऱ्याच दिवशी सकाळी मी बूट घालताना तो दारात येऊन उभा राहिला. बराच वेळ पायांकडं पाहिलं. मग अगदी साध्या आवाजात म्हणाला, "आज कोन्या सायबाचा दौरा हाय?"

त्यानंतर रोज हेच. मी दार उघडायचो, तो विचारायचा. बायकोला आधी हसू आलं, मग तिनं त्या वेळी स्वयंपाकघरातच थांबायला सुरुवात केली. उत्तर देण्याजोगं माझ्याजवळ एकच होतं आणि ते तोंडानं सांगण्यासारखं नव्हतं. शर्यतीत पाण्याचं टेबल असतं. तिथं कुणाची तरी बायको, कुणाचा तरी मुलगा हात लांब करून ग्लास धरून उभा असतो, आणि मी पळता पळता तो घेतो. कोण, कुठला, कुणी विचारत नाही. बानं हे एकदा डोळ्यांनी बघावं, एवढंच मला हवं होतं. आज्याला जे मिळालं नाही ते मला पळताना लोक हातात देतात, हे त्यानं बघितलं की त्याची ती जुनी प्रतिज्ञा सुटेल, असं मला वाटत होतं. मेडलबिडलची मला हौस नव्हती.

त्या हिवाळ्यात नांदेडलाच हाफ मॅरेथॉन होती. माझा उजवा गुडघा आधीपासून कुरकुरत होता, फिजिओनं या वेळी सोडा म्हणून बजावलं होतं. मी घरी कुणाला सांगितलं नाही. बा येणार नाही म्हणाला, मग नातीनं हट्ट केला म्हणून आला. शेवटच्या पाण्याच्या टेबलाशेजारी मीच त्याच्यासाठी खुर्ची टाकून घेतली होती. टेबलावर आमच्या कंपूतल्या उदगीरच्या एका आडत्याची बायको होती, कपाळाला विभूतीची रेघ. मी येताना दिसलो तशी तिनं हात पुढं केला. मी ग्लास घेतला, प्यालो, आणि बाच्या दिशेनं पाहिलं. तो खुर्चीतून उठून उभा राहिला होता. मी इतका सुखावलो की पायाखाली बघायचं राहून गेलं. रस्ता सांडलेल्या पाण्यानं ओला झाला होता, चुरगळलेल्या ग्लासांचा खच पडला होता. उजवा पाय सरकला, गुडघ्यात काहीतरी तुटल्याचं मला ऐकू आलं, आणि मी बापासमोर आडवा झालो.

लोक धावले. बा सगळ्यात शेवटी आला. वाकून माझ्याकडं बघत म्हणाला, "मागं घोडा न्हाई, गाडी न्हाई, कोनी न्हाई. मंग पळत कशाला व्हतास?" मी म्हणालो, बा, तिनं मला पाणी दिलं, तू पाहिलंस ना. तो म्हणाला, "पानी घरी न्हाई का?"

सूज उतरेपर्यंत थांबून उन्हाळ्यात ऑपरेशन झालं. मी खाटेवर पाय उंच ठेवून टीव्हीवर लातूरला पाणी घेऊन जाणारी रेल्वे बघत होतो तेव्हा डॉक्टर येऊन सांगून गेले की चालता येईल, पळणं मात्र आता विसरा. मी भिंतीकडं तोंड केलं. रडलो, त्यात लपवण्यासारखं काही नाही. बा येऊन पायथ्याशी बसला. "बरं झालं," म्हणाला. "आपल्या घरचं पळनं फिटलं एकदाचं." आणि त्यानं वाटीत करडईचं तेल घेतलं आणि माझा पाय चोळायला सुरुवात केली. बूट चिरताना होता तसाच शांत होता. माझ्या जाणतेपणी त्यानं मला लावलेला हा पहिला मायेचा हात. मी त्या हाताचा द्वेष करत होतो आणि तो थांबू नये असंही मला वाटत होतं.

तेव्हापासून बा बदलला. रोज संध्याकाळी तेल. मग मला घेऊन गल्लीत फेरी, त्याच्या काठीच्या चालीनं. मी लंगडतो, तो माझ्या खांद्याला धरतो. शेजारीपाजाऱ्यांनी विचारलं की सांगतो, माझं पोरगं आता पळत न्हाई, आणि हे सांगताना त्याची मान ताठ होते. मला तो घास घेतला का विचारतो. गावाकडच्या गोष्टी सांगतो. परवा तर आज्याचीही एक सांगितली, हसून. त्याचा मुलगा व्हायला मला पन्नाशी ओलांडावी लागली आणि एक गुडघा द्यावा लागला.

आता जे लिहितो ते गावात कुणी मोठ्यानं वाचू नये. गेल्या पावसाळ्यानंतर फिजिओनं गुडघा पुन्हा तपासला आणि तो स्वतःच चकित झाला. सगळं जुळलंय, म्हणाला, सावकाश जॉग सुरू करा, वर्षभरात पुन्हा हाफ पळाल. मी त्याचे आभार मानले, जिना नीट उतरलो, रिक्षात बसलो, आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी उतरल्यावर लंगडायला लागलो. अजून लंगडतोय. पूर्वी कुणी घर कुठलं विचारलं तर मी गावाचं नाव सांगायचो, नंतर नांदेडचं सांगायला लागलो. आता बाच्या कानावर माझी पावलं जिथपर्यंत पडतात, तेवढंच माझं घर, आणि तेवढ्यात मला पाय ओढत चालावं लागतं.

सकाळी खिडकीखालून कंपू जातो. त्यांची पावलं ऐकत मी पडून राहतो आणि एक हिशेब करतो, जो कुठल्या मुलानं करू नये. माझ्या पायांत अजून किती वर्षं आहेत, आणि बामध्ये किती. गेल्या आठवड्यात त्याला तपासायला नेलं होतं. बीपी नाही, साखर नाही, छाती स्वच्छ. डॉक्टर म्हणाले, बाबा शंभरी गाठतील.