फ्रिजच्या पैशांची पेन्शन

मला पेन्शन नाही, ही बातमी माझ्या लग्नात मंगलाष्टकांपेक्षा मोठ्या आवाजात सांगितली गेली होती. सांगणारे माझे सासरे, अण्णा. ते सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, आणि मी मरोळला लग्नपत्रिकांचा छापखाना चालवणारा. "जावईबापू, दुसऱ्यांची लग्नं छापून आपलं म्हातारपण निघतं का हो?" हा प्रश्न ते अंधेरीला आमच्या घरी आले की चपला काढता काढता विचारायचे. (जाताना चपला घालता घालता पुन्हा एकदा!)

ऐंशीच्या दशकात एका वर्षी मला साबणाची खोकी छापायची भलीमोठी ऑर्डर मिळाली आणि हातात कधी नव्हे तो पैसा आला. माझी बायको शालिनी म्हणाली, "अहो, यंदा फ्रिज!" तिचं काही चुकत नव्हतं. आमचं श्रीखंड तोवर खालच्या नाडकर्णी वहिनींच्या फ्रिजमध्ये मुक्कामाला जायचं आणि परत येताना निम्मं होऊन यायचं.

पण माझ्या डोक्यात पीपीएफ शिरलं होतं. नोकरी नसलेल्यालाही त्यात पैसे टाकता येतात, व्याज मिळतं, वर कर वाचतो! अट एकच, वर्षाला ठरावीक मर्यादेपलीकडे भरायचं नाही. मी ती मर्यादा गाठली आणि बरोबर फ्रिजपुरते पैसे उरले. शहाण्या माणसाने इथे थांबून फ्रिज आणला असता. मी आमच्या दोन्ही मुलांच्या नावाने खाती काढली आणि त्यांत थोडे पैसे भरूनही टाकले!

"मर्यादा एका खात्याला असते," मी शालिनीला समजावलं. "मी खातीच वाढवली. आहे की नाही डोकं?"

"आणि फ्रिज?"

"पंधरा वर्षांनी पैसे सुटले की दोन घेऊ!"

त्या दिवसापासून माझ्या ताटातली आमटी गार यायला लागली. घरात फ्रिज नसूनही!

मार्चअखेरीला मुलांच्या खात्यांत उरलेले पैसे भरायला गेलो, तेव्हा शालिनीबरोबर अण्णांनाही मुद्दाम बँकेत नेलं. एकदाचं त्यांचं तोंड बंद व्हायला हवं होतं. काउंटरवरच्या मॅडम मात्र काही न विचारता मुकाट्याने नोटा मोजत होत्या. मग अण्णांना माझा पराक्रम कळणार कसा? मीच घसा साफ केला.

"मॅडम, माझं स्वतःचं खातं वेगळं आहे बरं का! ते कधीच फुल्ल भरलंय. ही दोन मुलांची. पालक मीच!"

मॅडमनी मान वर केली. "तुमचं पूर्ण भरलंय?"

"काठोकाठ!"

"आणि मुलं लहान आहेत?"

"एक तिसरीत, एक बालवाडीत. पण हुशार आहेत हां!"

"अहो, मग तुमची आणि त्यांची मिळून एकच मर्यादा ना! हे भरता येणार नाही. आधी भरलेलं परत घ्यावं लागेल, आणि त्यावर व्याज नाही मिळणार."

"एक रुपयासुद्धा?"

"नाही. मिसेसनी स्वतःचं खातं काढलं असतं तर चाललं असतं. त्यांची मर्यादा वेगळी असते. त्यांचं का नाही काढलं?"

वाट लागली! शेजारीच उभ्या असलेल्या बायकोचं खातं काढावं, हे माझ्या सुपीक डोक्यात आलंच नव्हतं. अण्णा इतके हसले की वॉचमनने त्यांना बाकावर नेऊन बसवलं. शालिनी मात्र हसली नाही. तिने फक्त विचारलं, "मॅडम, परत मिळणारे पैसे कधी न्यायला येऊ?"

मे महिन्यात घरी फ्रिज आला. शालिनीने त्यात आधी श्रीखंड ठेवलं, मग कुल्फी लावली, आणि बघता बघता अख्ख्या बिल्डिंगची पोरं आमच्या दारात रांग लावून कुल्फी विकत घ्यायला लागली. पहिलं गिऱ्हाईक अण्णा! पुढच्या मार्चला ती एकटीच बँकेत गेली आणि कुल्फीच्या पैशांतून स्वतःच्या नावाने खातं काढून आली. मला कळलं ते नाडकर्णी वहिनींकडून.

माझं काठोकाठ भरलेलं खातं मुदत संपताच छपाईच्या नव्या मशीनने गिळलं, आणि त्या मशीनला पुढे कॉम्प्युटरने गिळलं. शालिनीचं शाबूत आहे. हल्ली दर एक तारखेला ती माझ्या हातावर हातखर्चाचे पैसे ठेवते. म्हणजे शेवटी मला पेन्शन मिळाली! परवा धीर करून मी ती जरा वाढवून मागितली.

"अहो," ती फ्रिजचं दार लावत म्हणाली, "तुमची मर्यादा संपली."