अप्पांच्या तोंडाला पिठी

जुन्या जपानी छापचित्रांचं एक जाडजूड पुस्तक माझ्या हाती लागलं आणि म्हैसूरच्या सरस्वतीपुरमातल्या माझ्या फोटो स्टुडिओचं वाटोळं व्हायला सुरुवात झाली. त्या चित्रांत माणसाच्या तोंडावर सावली म्हणून नसते. चेहरा पांढराफटक, डोळे तिरळे, भोवती ऐसपैस रिकामी जागा. मला ते इतकं आवडलं, की पासपोर्टच्या फोटोसाठी आलेल्या एका बँकेतल्या साहेबांना मी स्वतःच्या नाकाच्या शेंड्याकडे बघायला लावलं. ते पुन्हा आले नाहीत. त्यांना कलेतलं काही कळत नाही, असं मी बायकोला सांगितलं.

अप्पा, म्हणजे माझे वडील, मेटगळ्ळीच्या एका कारखान्यात जन्मभर फिटर होते. त्यांनी ते पुस्तक एकदाच चाळलं आणि एका पानावर थांबले. तिथे शेजारी शेजारी दोन कागद छापले होते. एकावर अर्धवट राहिलेली होडी दुसऱ्यावर पुरी होत होती. दोन्ही कागद एकाच मापाचे असतात काय, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्टुडिओत येऊन बसले.

"मी गेल्यावर भिंतीवर लावायचा माझा फोटो आत्ताच काढून ठेव," म्हणाले. "तुझ्या आईसारखं मला कुठल्या लग्नातून कापून काढू नको."

हे मला लागलं. आई गेली तेव्हा फोटोवाल्या मुलाच्या घरात तिचा एकटीचा एकही फोटो निघाला नाही. घाईघाईत मी एका लग्नाच्या ग्रुप फोटोतून तिला कापून काढली, आणि तिच्या डाव्या खांद्यावर कुणाची तरी चार बोटं राहून गेली. त्या हाताचा मालक मूळ फोटोतही दुसऱ्या कुणाच्या फेट्यामागे झाकला गेला होता. तो हात मामाचा असणार, असं आम्ही धरून चाललो होतो. मी कॉम्प्युटरवर बोटं पुसायला निघालो तेव्हा अप्पा एवढंच म्हणाले होते, राहू दे. तेव्हापासून त्या फोटोकडे बघताना मला शरम वाटायची.

म्हणून अप्पांचा फोटो जीव ओतून काढायचा, आणि अर्थातच जपानी काढायचा, असं मी ठरवलं. पावडर सुरकुत्यांत टिकेना, तेव्हा बायकोने तांदळाची पिठी आणली. पिठी लावून, पूर्वजांचा म्हैसुरी फेटा चढवून अप्पा पांढऱ्या चादरीपुढे बसले. मिशीत पिठी गेल्यामुळे ते मधूनमधून शिंकत आणि दर शिंकेला नवा थर द्यावा लागे. शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या, दारातून हे बघून वाटी उंबऱ्यावरच ठेवून निघून गेल्या.

इथवर सगळं माझ्या मनासारखं होतं. मग अप्पांनी उजवा हात बाजूला लांब केला आणि तो खाली घेईनात. हात चौकटीबाहेर जातोय, मनगटाशी कापला जाईल, असं मी परोपरीने सांगितलं.

"जाऊ दे. तू सुम्ने, गुमान फोटो काढ," अप्पा म्हणाले.

हात थरथरायला लागला तेव्हा बायकोने कोपराखाली इस्त्रीचं टेबल सरकवलं. मी चरफडत होतो. मग एकदम आठवलं, की जपानी चित्रकारही माणसाला कडेला असंच बेधडक कापतात. मी खूश झालो आणि ती सगळी कल्पना माझीच होती असं दिवसभर सांगत सुटलो. फोटो केवढा हवा, हात कडेला किती उंचीवर यावा, हे सगळं अप्पांनी टेपने मोजून कागदावर लिहून दिलं होतं. म्हाताऱ्याची हौस म्हणून मी ते पाळलं.

नजरबादचा फ्रेमवाला फोटो बघून हळहळला. "सार्, कै कट् आगिदे," म्हणाला. हात कापला गेलाय हा दोष नव्हे, ही शैली आहे, असं मी त्याला अर्धा तास ऐकवलं. त्याने पैसे कमी घेतले.

खिळा अप्पांनी स्वतः ठोकला, तोही आईच्या फोटोशेजारी. जिवंत माणसाचा फोटो तिथे लावू नये, असं मी म्हणत होतो. त्यांनी फ्रेम आईच्या फ्रेमला भिडवली, पाणसळ धरली, केसभर वर सरकवली आणि बाजूला झाले.

पांढऱ्या पिठीतल्या अप्पांचा हात त्यांच्या फ्रेममधून निघाला होता आणि आईच्या फ्रेममध्ये, तिच्या खांद्यावर, पुरा झाला होता. चार बोटं जिथली तिथे बसली होती.

"तो मामाचा हात नव्हता?" मी विचारलं.

"चारचौघांत बायकोच्या खांद्यावर हात ठेवला होता रे. कसं सांगणार?" अप्पा भिंतीकडे बघतच म्हणाले. मग पाणसळ खिशात घातली. "हाराची घाई नाही. हात तेवढा आजपासून राहू दे."