पिंपळ तोडायला किती घ्याल?

झाड तोडायचं तर आपल्याला पैसे मोजावे लागतात, ही गोष्ट मला वयाच्या चोपन्नाव्या वर्षी कळली. त्याआधी माझा समज अगदी उलटा होता. आमच्या गारखेड्यातल्या घरामागं एक कडुलिंब होता. तो वाळला तेव्हा कटाईवाला आला, खोडाला दोरी गुंडाळून घेर मोजला आणि आईच्या हातावर पैसे ठेवून झाड घेऊन गेला. जाताना पालापाचोळासुद्धा झाडून गेला. त्यामुळं यंदा मे महिन्यात वावधान सुटलं आणि पिंपळाची मांडीएवढी फांदी न्हाणीच्या पत्र्यावर आदळली, तेव्हा मी फारशी घाबरले नाही. म्हटलं, बोलवू कुणाला तरी, चार पैसे येतील, त्यात नवा पत्रा होईल. शाळेत तीस वर्षं मुलांना अक्कल शिकवली, पण आपली स्वतःची कुणी तपासत नाही ना.

घर म्हणजे पुढची खोली, स्वयंपाकघर आणि बाजूला आईची खोली. पिंपळ आईच्या खोलीला लागून. तिच्या भिंतीला जमिनीपासून छतापर्यंत चीर गेलेली, त्यात करंगळी जाते. फरशी एका कोपऱ्यात वर उचललेली. आई ब्याऐंशी वर्षांची आहे, वॉकर धरून चालते आणि तिला बसता येईल असा संडास तेवढ्याच खोलीला जोडून आहे. वडील गेले त्या वर्षीच तिनं मला सांगून ठेवलं होतं, ‘‘मला ह्याच खोलीतून न्या. मधी कुठं हलवू नका.’’ मी हो म्हणाले होते. मी एकटीच तिच्याजवळ राहते, लग्नाबिग्नाच्या भानगडीत पडले नाही, तेव्हा एवढं एक वचन पाळणं जड जाईल असं वाटायचं काही कारण नव्हतं.

फांदी पडली ती नेमकी आई अंघोळ करून बाहेर आल्यावर. पाच मिनिटांचा फरक. तिनं पत्र्याकडं बघितलं आणि म्हणाली, ‘‘पाऊस लागायच्या आत ह्याचं काय ते कर.’’

पुण्याला नोकरी करणाऱ्या माझ्या भाच्यानं लगेच मोबाइलवर एक लेख पाठवला. झाड काढायचा खर्च कशाकशावर ठरतो, याचा. उंची, खोडाचा घेर, घरापासूनचं अंतर, जवळून जाणाऱ्या विजेच्या तारा, यंत्र आत येतं का, बुंधा खोदून काढायचा की नुसता कापायचा. मी मास्तरीण. वही काढली, एकेक मुद्दा उतरवला, पुढं आमच्या झाडाची माहिती भरली. लेखात एक अक्षर चुकीचं नव्हतं. फक्त लिहिणारा कधी आमच्या गल्लीत आला नव्हता.

पहिला कटाईवाला फुलंब्रीकडचा. थोरल्या बहिणीचं सासर फुलंब्रीला, तिनंच त्याला धाडला. फाटकाबाहेरूनच त्यानं मान वर केली आणि विचारलं, ‘‘पिंपळ व्हय?’’

‘‘हो. किती द्याल?’’ मी विचारलं.

तो हसला. हसू वाईट नव्हतं, पण मला लागलं. ‘‘मी काय द्यायचं बाई? पिंपळाला कोण घेतंय? वखारवाला उभा करीत नाय, फर्निचरला चालत नाय, चुलीत कोण घालीत नाय. लिंब असता तर गोष्ट येगळी.’’ मग त्यानं बोटांवर मोजत हिशेब सांगायला सुरुवात केली. गल्ली अरुंद, क्रेन येणार नाही, म्हणजे माणूस वर चढवून तुकड्या-तुकड्यानं उतरवायचं. बाजूला तारा, म्हणजे लाइट बंद करून घ्यायची. लाकूड घ्यायला कुणी नाही, म्हणजे ते टाकायला ट्रॅक्टर, आणि टाकायची जागा शहराबाहेर. त्यानं सांगितलेला आकडा माझ्या दीड पगाराचा होता. पण मी मनातल्या मनात तो मान्य करून टाकला. म्हटलं, आईपुढं काय मोठं आहे.

तेवढ्यात तो खोड बघायला आत आला आणि त्याला पार दिसला. पारावर शेंदूर फासलेला दगड, खोडाला गुंडाळलेला पांढरा दोरा, पणतीचं काजळ. त्यानं चपला काढल्या, हात जोडले आणि तसाच दोन पावलं मागं आला.

‘‘आधी सांगायचं ना बाई,’’ तो म्हणाला. ‘‘ह्याला रेट नाय.’’

हा पार कसा झाला ते सांगितलं पाहिजे, कारण चूक आमचीच होती, आणि ती चूक आमच्यासारखीच माणसं करतात. आम्ही बौद्ध. वडिलांनी लेण्यांच्या पायथ्याजवळून बोटभर रोप आणलं, डालड्याच्या डब्यात जगवलं आणि घर बांधल्यावर कौतुकानं भिंतीला खेटून लावलं. पिंपळ केवढा होतो याची कुणाला फिकीर नव्हती. बोधिवृक्ष दारात आला यातच सगळं आलं. झाड मोठं झालं तशा गल्लीतल्या बायका शनिवारी विचारू लागल्या, आत येऊन प्रदक्षिणा घालू का. आईनं फाटकाची कडी कायमची काढून टाकली. एका पावसाळ्यात समोरच्या काकू चिखलात घसरल्या, मनगट मोडलं. मग आईनं स्वतःच्या पैशानं गवंडी बोलावून झाडाभोवती पार बांधून घेतला. मी तेव्हाही कुरकुरले होते. ती म्हणाली, ‘‘त्यांचा देव, आपला बुद्ध. झाड एकच हाय, भांडायचं कशाला?’’ बुद्ध पौर्णिमेला आम्ही तिथंच मेणबत्त्या लावायचो. पुढं एके सकाळी पारावर शेंदराचा दगड दिसला. कुणी ठेवला ते आजवर कुणी सांगितलं नाही. मी उचलून टाकायला निघाले तर आईनं हात धरला. ‘‘असू दे. दगड काय खायला मागतोय?’’

दगडानं खायला मागितलं नाही, पण झाड तेवढं त्याच्या मालकीचं करून टाकलं.

दुसरा माणूस खुलताबादचा, वयस्क, दाढी पांढरी झालेला. कामाला वाघ, असं ज्याला त्याला विचारलं तो सांगायचा. तो झाडाभोवती फिरला, चिरेत बोट घालून बघितलं, वर बघून चुकचुकला. ‘‘आपा, अम्माँ कू इस कमरे में नक्को सुलाओ,’’ तो पहिल्यांदा हेच बोलला. मग त्याची नजर पारावर गेली. मी म्हटलं, पैसे सांगा, मी घासाघीस करणार नाही. तो म्हणाला, ‘‘पैसे की बात नै. नीम बोलो, बबूल बोलो, अब्बी काटतूं. ये पीपल कू मेरा हात लगा तो कल मेरे घर का क्या होना, तुम पढ़े-लिखे हो, तुम बोलो.’’

मी चहा टाकायला उठले. तीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलंय. त्यानं चहा घेतला, आईच्या पाया पडला आणि येण्या-जाण्याचे पैसेसुद्धा घेतले नाहीत. मला त्याचा राग यायला हवा होता. उलट त्याच्यापुढं मान वर करायची लाज वाटली.

मग सरकारी वाट धरली. झाडांचं काम बघणारे साहेब स्वतः घरी आले. माणूस सज्जन. त्यांनी सांगितलं, परवानगी मिळेल, पण रीत अशी की आधी झाडावर नोटीस लावायची आणि लोकांच्या हरकतींची वाट बघायची. नोटीस सुतळीनं बांधली, कारण झाडाला खिळा मारायला मनाई आहे. तोडायच्या झाडाला दुखू नये म्हणून घेतलेली ती काळजी बघून मी आणि आई हसलो. त्या महिन्यातलं ते शेवटचं हसणं.

हरकती दोन आल्या. एक गल्लीतल्या बायकांची: हे पूजेचं ठिकाण आहे. दुसरी आमच्याच विहारातल्या मंडळींची: हा बोधिवृक्ष आहे. एरवी लाउडस्पीकरच्या आवाजावरून एकमेकांशी न बोलणारे हे लोक, आमच्या घरावर मात्र त्यांचं एकमत झालं.

बायकांच्या कागदावर पहिली सही समोरच्या काकूंची होती. या काकू आईला रोज दुपारी ताक आणून देतात. मी आजारी होते तेव्हा आईचं न्हाणंधुणं त्यांनी केलं आहे. मी कागद घेऊन त्यांच्या दारात गेले आणि नको ते बोलले. म्हटलं, ‘‘काकू, उद्या फांदी आईच्या अंगावर पडली तर ताक कुणाला पाजाल?’’

काकू रडायला लागल्या. ‘‘असं नका हो बोलू. आईसाठी जीव लई तुटतो माझा. पण माझ्या सुनेला सात वर्षांनी लेकरू झालं ते ह्या झाडाला फेरे घालून. मी त्याला कापा म्हणू? माझी सही ऱ्हाऊ द्या, पर दुसरं काय बी सांगा, करते.’’

त्या खोटं बोलत नव्हत्या, हीच अडचण होती. विहारातल्या मंडळींना मी सांगितलं की बोधिवृक्षाखाली एक म्हातारी झोपते. ते म्हणाले, ‘‘ताई, तुम्हीच असं म्हणायला लागलात तर कसं?’’ घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं. ती कांदे चिरत होती. म्हणाली, ‘‘झाडाचंच एवढं असतं तर झाडच बुद्ध झालं नसतं का? मी म्हणते तोडा. माझं झाड हाय.’’ सबंध गल्लीत झाड तोडायला तयार असलेली एकच बाई होती, आणि तिनंच सगळ्यांना फाटक उघडं ठेवलं होतं.

साहेबांनी मधला मार्ग काढला. हरकतींचं होईल तेव्हा होईल, घरावरच्या फांद्यांच्या छाटणीची परवानगी ते लगेच देतो म्हणाले. ‘‘फक्त कापणारा तुम्ही आणा, मॅडम. आमची माणसं दुसऱ्या कामात आहेत.’’ परवानगीचा कागद मिळाला. तो घेऊन मी आणखी तिघांना गाठलं. एकानं पार बघून फोन उचलायचं बंद केलं. एकजण म्हणाला, श्रावण उलटू द्या. तिसरा आला, वर चढला, पहिल्याच फांदीवर मुंगळे चावले म्हणून खाली उतरला आणि देवानंच इशारा दिला म्हणाला. त्याला इशारा द्यायला मुंगळे पाठवणारा देव आमच्या भिंतीकडं बघायला मात्र तयार नव्हता.

आणि मग, जूनच्या पहिल्या आठवड्यात, मी प्रवेशांच्या कामाला शाळेत गेले असताना वीजवाले आले. पावसाळ्याआधी तारांना लागणाऱ्या फांद्या ते दरवर्षी उतरवतात. त्यांना दगड आडवा आला नाही, दोरा आडवा आला नाही; काकूंनी त्यांना पाणीसुद्धा दिलं. तारांसाठी कापणं म्हणजे तोडणं नव्हे, असं सगळ्यांचं म्हणणं. दोन तासांत रस्त्याकडची सगळी बाजू त्यांनी साफ केली. मी घरी आले तेव्हा झाडाचा अर्धा भार गेला होता आणि उरलेला सगळा आमच्या घरावर झुकलेला होता. मी रस्त्यातच खाली बसले. माझ्या खांद्याला पर्स तशीच अडकलेली होती.

साहेब पुन्हा आले. यावेळी खुर्चीवर बसलेच नाहीत. झाडाकडं बघून म्हणाले, ‘‘मॅडम, आजींना आजच्या आज हलवा. तुम्ही पुढच्या खोलीत झोपा, दाराशी. काही झालं तर तुम्ही पळाल. त्या नाही पळू शकत.’’

आईला फुलंब्रीला न्यायला बहीण आणि तिचा दीर गाडी घेऊन आले. त्याला अर्ज लागला नाही, नोटीस लागली नाही, कुणी हरकत घेतली नाही. उशी, वॉकर, गुडघ्याला लावायचं तेल, वडिलांचा फोटो. गाडीत बसताना आई माझ्याकडं बघत नव्हती. लेकीच्या सासरी पाणी पिताना दहादा विचार करणारी ती बाई. तिथं जाऊन राहायचं म्हणजे तिला मेल्याहून मेल्यासारखं. मी म्हणाले, ‘‘पंधरा दिवस फक्त.’’ हे मी कशाच्या जोरावर म्हणाले ते मला माहीत नाही.

आता दर रविवारी मी बसनं फुलंब्रीला जाते. बहीण तिचं सगळं नीट करते, दीर-जाऊ चांगली आहेत, कुणी एक शब्द वाकडा बोलत नाही. तरी आई अर्धा कपच चहा घेते आणि दुसरी पोळी नको म्हणते. सुरुवातीला मी गेले की ती पलंगावर तयार होऊन बसलेली असायची. लुगडं बदललेलं, पिशवी भरून पायाशी. ‘‘तोडलं का?’’ मी नाही म्हणायची. ‘‘मग मी कवा येऊ?’’ मी म्हणायची, बघते, सोमवारी साहेबांना भेटते, एकजण जालन्याकडचा आहे म्हणतात. ती मान हलवायची. मी निघाले की तेलाची बाटली पिशवीतून काढून परत खिडकीत ठेवायची.

झाड उभं आहे. दर शनिवारी बायका येतात, आणि आता आई नाही म्हणून पारही त्याच झाडून घेतात. पाऊस आला की मी दाराशी गादी ओढून बसते आणि वर काय वाजतंय ते ऐकते. सोमवारी साहेबांना भेटते. जालन्याकडचा माणूस येतो म्हणाला होता, आला नाही.

गेल्या रविवारी गेले तर आईनं घरातलंच लुगडं नेसलं होतं. पिशवी घडी करून उशीखाली ठेवलेली. ती बहिणीच्या जावेला मेथी निवडून देत होती. मी तासभर बसले, तरी तिनं काही विचारलं नाही. शेवटी मलाच राहवलं नाही.

‘‘आई, झाडाचं अजून...’’

‘‘ऱ्हाऊ दे,’’ ती म्हणाली. ‘‘ऊठ, तुझी बस जाईल.’’