दाराच्या पट्ट्याला बांधलेला पदर

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता आणि आजही नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे खाली "आजी, वयाचा परिणाम" असं लिहायचे कष्ट कोणी घ्यायला नकोत. आमच्या कोकणातल्या गावात झाडागणिक एकेक भूत वाटून दिलेलं होतं. त्यातल्या सगळ्यात बदनाम झाडाखालचे आंबे मीच वेचायचे, कारण तिथे दुसरं कोणी फिरकत नसे! तर अशी मी. आता मी सांगते आहे आणि नात टाइप करते आहे. जे सांगणार आहे ते अमावस्येला घडलेलं नाही, स्मशानातही नाही... चैत्रातल्या रणरणत्या दुपारी, भर रस्त्यावर घडलं.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. माझं लग्न नुकतंच झालं होतं. अंधेरीला पूर्वेकडे एका चाळीत आम्ही तिघं राहायचो – सासूबाई, हे आणि मी. हे विक्रोळीच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. मरोळ, साकीनाका, पवई असं सायकल मारत जायचे. तेव्हा त्या बाजूला भातशेती होती, मध्येच तबेले, आणि सांताक्रूझला उतरणारं विमान डोक्यावरून गेलं की म्हशी शेपट्या वर करून पळायच्या.

एके दिवशी हे घरी आले ते चेहऱ्यावर लग्नातसुद्धा नव्हतं असं तेज घेऊन. मरोळच्या गावठाणात चिंचेखाली एक गाडी उभी होती आणि तिच्यावर पाटी होती, "विकणे आहे". साधी गाडी नव्हे. विलायती स्पोर्ट्स कार! लांबलचक नाक, तारांची चाकं, उघडं छप्पर, हिरवा रंग. कोणी गोरा साहेब मायदेशी जाताना ती इथेच विकून गेला होता.

"किती माणसं बसतात?" मी विचारलं.

"दोन."

"आणि सासूबाई?"

"तू ना, सुमन... कौतुक म्हणून नाहीच तुला कशाचं."

पगार ड्राफ्ट्समनचा, शौक नबाबाचा. पण किंमत ऐकून मीसुद्धा गप्प झाले. इतकी कमी होती की मला वाटलं, चाकं बहुतेक वेगळी घ्यावी लागत असतील.

रविवारी दुपारी गाडी चालवून बघायचं ठरलं. सासूबाई मालवणच्या, शिस्तीच्या. घरात पहिलं वाहन येणार म्हणून त्यांनी माझ्या हातात हळदकुंकू लावलेला नारळ दिला. "गाडी घेतलास तर थयच फोडा. तवसर नारळ खाली ठेवूक नको हां सुमन, हातातसून सोडूक पण नको. आणि पदर दोनय खांद्यांवरसून घे. नवी नवरी हस तू." आता सासूबाईंचा शब्द म्हणजे कायदा. दोन्ही हातांत नारळ धरून, पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन मी निघाले. देवळात चालले आहे असंच कोणालाही वाटलं असतं.

गाडीचे मालक सायमनकाका. मरोळचे जुने ख्रिस्ती शेतकरी, बोलायला मऊ. त्यांनी आम्हाला अंगणाच्या कडेलाच थांबवलं आणि आवाज खाली आणून सांगितलं, "आधी माझे बायकोला उठवतो. गाडीत बसलीय."

खरंच, चिंचेखाली गाडीत डावीकडच्या सीटवर रेजिनामावशी बसल्या होत्या. चौकडीचं लाल लुगडं, कपाळावर घाम, दोन्ही हात मांडीवर. जशी काही गाडी आत्ता सुटणार आहे.

सायमनकाकांनी जे सांगितलं ते ऐकून माझं थट्टा करायचं सगळं बळ गेलं. गाडी त्यांच्या मुलाची होती, लिओची; साहेबाकडून त्यानेच घेतलेली. लिओ जहाजावर खलाशी होता. एका फेरीत समुद्र खवळला, सकाळ झाली तेव्हा तो डेकवर नव्हता. जहाज परत आलं, बरोबरची पोरं परत आली, लिओ आला नाही. याला दोन वर्षं होऊन गेली होती. पाद्रीबाबा म्हणाले, त्याच्या आत्म्यासाठी मिसा करू, म्हणजे चर्चमधली प्रार्थना. रेजिनामावशींनी त्यांनाच दाराबाहेर काढलं. मेल्याशिवाय मिसा कसली? माझा पोर जिवंत आहे! रोज त्याचं ताट वाढलं जायचं. रोज दुपारी त्या गाडीत जाऊन बसायच्या, कारण लिओ सुट्टीवर आला की त्यांना त्याच सीटवर बसवून मिसाला न्यायचा.

"आता ती धड जेवतसुदीक नाय," काका म्हणाले. "गाडी गेली तर कदाचित मन घरान येल तिचं. नायतर ही पण जायची माझे हातातून."

किंमत एवढी कमी का, ते तेव्हा कळलं. मी यांच्या शर्टाची बाही ओढली, म्हटलं, चला, नको आपल्याला. पण तेवढ्यात रेजिनामावशी स्वतःच उतरल्या. माझ्याकडे बघितलं, माझ्या हातातल्या नारळाकडे बघितलं.

"नवी नवरी हायस?"

"हो."

"जा, फिरून ये. बघाला काय जातं? माझा पोर आला की तो काय विकाला देनार नाय."

म्हणून गेलो. त्यांचा मान राखायला म्हणून गेलो, एवढंच.

आता ती गाडी कशी होती ते नीट सांगते, कारण सगळं त्यावरच आहे. हे उजवीकडे, स्टिअरिंगवर. मी डावीकडे. माझ्या बाजूचं दार इतकं बुटकं की हात टेकला तर कोपर बाहेर. दार जास्त उघडू नये म्हणून आतून चामड्याचा पट्टा लावलेला, तो माझ्या डाव्या गुडघ्यापलीकडे. आणि माझ्या खांद्याच्या मागे, हातभर अंतरावर, तारांचं उघडं चाक.

साकीनाका ओलांडला आणि पवईकडे रस्ता मोकळा लागला तसा यांच्या अंगात वारं शिरलं. गाडी अशी सुटली म्हणता! खोटं कशाला बोलू, मलाही मजा आली. मी मोठ्याने हसत होते. वाऱ्याने उजव्या खांद्यावरचा पदर कधीच उडवला होता. तो डाव्या खांद्यावरून मागे फडफडत होता, आणि मी? मी दोन्ही हातांनी सासूबाईंचा नारळ घट्ट धरून बसले होते. खाली ठेवायचा नाही, हातातून सोडायचा नाही! उघड्या गाडीत, तारांच्या चाकाशेजारी, पदर मोकळा सोडून नारळ सांभाळणारी बाई जगात मी एकटीच असेन.

एकदम पदराला हिसका बसला. गळ्याशी साडी करकचून आवळली, मान मागे ओढली गेली. ओरडायला तोंड उघडलं पण आवाजच फुटला नाही.

आणि तितक्यात तो सुटला. कोणीतरी मागून पदर ओढून घेतला, माझ्या खांद्यावरून पुढे आणला, आणि दंडाला एक हात घासून गेला. ओला. गार. मला वाटलं, हेच. नवऱ्याला आज अक्कल आली म्हणायची! भीतीने डोळे मिटले होते ते उघडले, तोवर पदर कुठेतरी बांधलेला होता आणि यांनी गाडी हळू केली होती. "काय गं, काय झालं?" मी हातातल्या नारळानेच मागे वळायची खूण केली. गाडी वळवून आम्ही परत निघालो.

अंगणात शिरलो तेव्हा मला धीर आला होता. सायमनकाका, रेजिनामावशी दोघं वाट बघत उभी. मी यांना म्हटलं, "चांगले आहात हं तुम्ही! गाडी चालवता चालवता माझा पदर बांधलात. नाहीतर आज वाटच लागली होती."

"मी?" हे म्हणाले. "माझा एक हात स्टिअरिंगवर, एक गिअरवर. मी कधी बांधला?"

तेव्हा मी पहिल्यांदा नीट बघितलं. पदराचं टोक माझ्या पलीकडे, डाव्या दाराच्या पट्ट्याला बांधलेलं होतं. यांचा हात तिथवर पोचणंच शक्य नव्हतं. पदराचा काठ फाटला होता, त्यावर चाकाच्या ग्रीसचा काळा ओघळ होता. आणि गाठ... अशी गाठ मी कधी पाहिली नव्हती. वेणीसारखी आत वळलेली, आणि चिंब ओली. त्या उन्हात!

मी नारळ एका हातात घेतला आणि सोडायला गेले. सुटेना. यांनी नखं लावली, सुटेना.

रेजिनामावशी पुढे आल्या. यांचा हात त्यांनी बाजूला केला. गाठीच्या खालून निघालेलं एक बारीक टोक चिमटीत धरलं आणि हलकेच ओढलं. गाठ उलगडून पडली. नुसती उलगडून पडली.

त्यांनी ओलं बोट जिभेला लावलं. मग माझा फाटका पदर हातात घेतला.

"हात लागला तुला?"

मला खोटं बोलायचं होतं. देवाशपथ, त्या बाईसाठी मला खोटं बोलायचं होतं. पण त्यांच्या डोळ्यांत बघून ते जमलं नाही. "लागला," मी म्हटलं.

"गरम व्हता का थंड?"

"थंड."

त्यांनी मान डोलावली. रडल्या नाहीत. माझ्या कपाळावर अंगठ्याने क्रूस काढला, पदर माझ्या खांद्यावर नीट बसवला. मग वळून नवऱ्याला म्हणाल्या, "जिता असता तं घरा आला असता. गाडीन कशाला बसून रेला असता? पाद्रीबाबाला सांगा. माझे लिओची मिसा करा."

सायमनकाका तिथेच अंगणात मटकन खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले. मीही रडले. नारळ तेवढा हातात होता.

त्या दिवशी रेजिनामावशी जेवल्या, असं काकांनी नंतर सांगितलं. ताट एकच वाढून घेतलं, आपलं.

गाडी आम्ही घेतली. मावशींनीच घ्यायला लावली. पण नारळ मिसा झाल्यावरच फोडला, त्यांना विचारून. त्या मिसाला आम्ही दोघं मागच्या बाकावर बसलो होतो, सासूबाईंना न सांगता. फाटलेला पदर बघून त्या मात्र महिनाभर बोलत होत्या. पुढे गाडी आम्ही काही वर्षं वापरली. मी रोज त्या सीटवर बसले, मुद्दाम पदर मोकळा सोडूनसुद्धा बसून पाहिलं. पुन्हा काही म्हणजे काही झालं नाही.

म्हणाल, पदर वाऱ्याने अडकला, वाऱ्यानेच सुटला. असेल. पण वारा गाठ मारतो का? साडी अजून ट्रंकेत आहे. बोटीवर नोकरी करणारा पुतण्या आला तेव्हा त्याला बसवून सगळ्या गाठी बांधून घेतल्या. ती त्यात नव्हती.

एकदा, बऱ्याच वर्षांनी, मी रेजिनामावशींनाच विचारलं होतं. म्हटलं, मावशी, तुम्ही एका झटक्यात सोडलीत, मग मला बांधायला शिकवा ना. त्या तांदूळ पाखडत होत्या. सूप थांबलं.

"मना कुठं येते, बाय?" त्या म्हणाल्या. "तो माझा पदर त्या पट्ट्याला बांधायचा. देवळापाशी उतरताना मी गाठ नुसती सोडायची."