राजा सभेतच बसून राहिला

ये गं, अशी जवळ सरक. आधी कान पकडते तुझा, मग बोलते. केंब्रिज काय सातासमुद्रापार आहे का? ट्रेनमध्ये बसलं की आलंच ना नॉटिंगहॅम! मोबाइलवर नुसता मेसेज टाकतेस, 'आजी, बिझी, लव्ह यू.' त्या बारक्या बटणांवर उत्तर देईपर्यंत माझा चहा गार होतो. म्हणून कागदावरच लिहिते.

तुझे आजोबा इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर होते, तेव्हा भारतातून पाहुणे आले की रविवारी सगळ्यांना गाडीत कोंबून जंगलाकडच्या त्या गावात न्यायचे. पाहुण्यांना श्रीमंतांना लुटून गरिबांना वाटणाऱ्या त्या दरोडेखोराचं झाड बघायचं असे. हे त्यांना आधी चर्चच्या आवारात उभं करणार. मी मागे पुऱ्या, बटाट्याची भाजी आणि थर्मास सांभाळत. मग सुरू व्हायची उत्तरेकडच्या त्या जुन्या राजाची गोष्ट.

राणी ख्रिस्ती, राजा जुन्या देवांचा. तुझा धर्म तुला पाळू देईन, असा शब्द देऊन लग्न केलेलं. स्वतः ख्रिस्ती व्हायचं की नाही, हे मात्र त्याचं ठरेना. "आमच्या सोफ्यासारखं," हे म्हणायचे, "घ्यायचा म्हणून हिने किती दुकानं फिरवली!" शेवटी राजाने सभा भरवली, एकेकाला विचारलं. तेव्हा जुन्या देवांचा मुख्य पुरोहितच उठला. एवढी सेवा केली, देवांनी मला काय दिलं, म्हणाला. घोड्यावर बसला आणि आपल्याच देवळावर भाला फेकला! इथे आजोबा हातातली छत्री गवतात भिरकावायचे. लहानपणी तू धावत जाऊन ती आणायचीस, आठवतं?

मग राजाचा बाप्तिस्मा, मग लढाईत मरण. त्याला याच गावात आणून पुरलं म्हणतात. त्याच्यामागे लोक पुन्हा जुन्या देवांकडे गेले, नंतर परत ख्रिस्ताकडे फिरले. "बघा, पेरलेलं वाया जात नाही," असं म्हणून झालं की मगच हे पुरीला हात लावणार. देवळावर भाला फेकलेला मला कधीच रुचला नाही. घरी येईपर्यंत त्यावरून आमची जुंपायची.

हल्ली ते विसरतात, हे तुला ठाऊक आहे. पण ही गोष्ट शेवटाकडून झिजत चालली आहे, हे तुला कुणी सांगितलं नसेल. आधी ते लोकांचं परत फिरणं गेलं. मग लढाई. मग बाप्तिस्मा.

गेल्या रविवारी आम्ही दोघं बसने गेलो. चर्चमध्ये फुलं लावणारी बाई बाहेर आली, तशी ह्यांची कळी खुलली. झकास इंग्रजीत सुरुवात. राणी आली, शब्द दिला, सभा भरली. "मग पुरोहित उठला," म्हणाले आणि थांबले. हातातल्या छत्रीकडे बघत राहिले. मग ती उघडली. पाऊस नव्हता गं.

"अहो, भाला," मी हळूच म्हटलं.

"तू होतीस का तिथे?" डाफरलेच माझ्यावर. बाई ओशाळून हसली. आणि उघडी छत्री डोक्यावर धरून ह्यांनी पुन्हा राणीपासून सुरुवात केली. बिचारीने सगळं ऐकून घेतलं. सगळं म्हणजे सभेपर्यंत.

मला पुढची गोष्ट तोंडपाठ आहे. पण माझ्या तोंडून ती त्यांना नको, आणि त्यांच्या डोक्यात ती परत मला घालता येत नाही. इथले डॉक्टर म्हणतात, असंच होत जाणार. डॉक्टरच्या बायकोला हे सांगायला दुसरा डॉक्टर कशाला हवा? मी आपली शेजारी बसते, पुरीचा तुकडा हातात देते.

आता सभाही जाईल. मग राणी जाईल. म्हणून म्हणते, ये. आवारात त्यांच्यासमोर उभी राहा, लहानपणी राहायचीस तशी, धावायच्या तयारीत. तुला बघून फेकतीलही छत्री. नाही फेकली तरी ये बाई. या रविवारीच ये, मी पुऱ्या करते.